जुन्या चर्चमध्ये नवी स्टेन्ड ग्लास: मुंबईतल्या पॅरिशसाठी पहिल्या मीटिंगपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती लोकांची, शंभरी किंवा सव्वाशे वर्षं जवळ आली की कमिटीत कोणीतरी म्हणतंच, आता खिडक्यांना छान स्टेन्ड ग्लास लावूया, आणि पुढच्या मीटिंगला कोणीतरी मोबाईलवर युरोपातल्या कॅथेड्रलचे फोटो घेऊन येतं. इच्छा चांगलीच आहे, पण फोटोपासून सुरुवात केली की काम बिघडतं. त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात माणसं बसणार आहेत, गाण्याचं पुस्तक वाचणार आहेत, लग्नं लागणार आहेत, मयताच्या मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होणार आहेत. म्हणून उजेड आधी आणि चित्र नंतर, या क्रमाने गेलात तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने लिहिलंय, काही ठिकाणी लांबलंय कारण तिथेच लोक अडकतात.

आधी चर्चमध्ये जाऊन नुसतं बसा

वही घ्या, चर्चचा साधा नकाशा काढा, प्रत्येक खिडकीला नंबर द्या आणि कुठली खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहा. फोनमधला कंपास चालतो. मग सकाळच्या मिस्साला, दुपारी बाराला आणि संध्याकाळच्या मिस्साला वेगवेगळ्या बाकांवर बसून बघा की ऊन कुठून येतं, कुठे पडतं, कोणाच्या डोळ्यात जातं. थंडीत, मे महिन्यात आणि भर पावसात, तिन्ही वेळा बघायला मिळालं तर फारच उत्तम. वर्षभर थांबायची तयारी नसेल तरी निदान एक थंडी आणि एक पावसाळा जाऊ द्या, चर्च शंभर वर्षं उभं आहे, सहा महिने कुठे पळून जात नाही.

इथे एक गोष्ट मुंबईची म्हणून वेगळी आहे. युरोपातली पुस्तकं सांगतात की उत्तरेच्या खिडकीला थेट ऊन लागत नाही, तिथे फिकट काच लावा. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो (तो शून्य सावलीचा दिवस), आणि त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोसुद्धा थोडा उत्तरेकडे सरकून. म्हणजे आपल्या उत्तरेच्या खिडक्यांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन मिळतंच. उलट दक्षिणेच्या खिडक्यांना मे-जूनमध्ये दुपारी जवळजवळ काहीच नाही, आणि डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो त्यामुळे रंग थेट बाकांवर, फरशीवर येऊन पडतात. नाताळच्या दिवसांत रंग आत यावेत असं वाटत असेल तर तुमची खिडकी दक्षिणेची.

दुसरं म्हणजे मिस्साच्या वेळा. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासातनंतर. संध्याकाळी सातची मिस्सा असेल तर अर्धं वर्ष ती खिडकी आतून काळी दिसणार आहे, आणि मध्यरात्रीच्या नाताळ मिस्सालाही तसंच, तेव्हा ती फक्त बाहेर मांडवात बसलेल्या लोकांना चमकताना दिसेल. हे पैसे देणाऱ्यांना आधीच सांगा. मग कोणीतरी मागे एलईडीचा डबा लावूया म्हणेल. माझं मत स्पष्ट आहे, लावू नका. खऱ्या खिडकीमागे सतत सारखा जळणारा दिवा ठेवला की ढग सरकताना, पाऊस येताना काचेत जे होतं ते सगळं जातं, आणि त्यासाठीच तर एवढा खर्च चाललाय.

तिसरी नोंद आल्तारामागच्या (वेदीमागच्या) खिडकीची. तिथून भरपूर उजेड येत असेल तर फादर समोरून काळी सावली दिसतात आणि लोकांचे डोळे दुखतात. त्या जागी गडद किंवा उजेड अडवणारी काच हवी. बाजूच्या, बाकांलगतच्या खिडक्यांना मात्र फिकट काच, कारण तिथे वयस्कर माणसांना पुस्तक वाचायचं असतं. फोनवरचं लक्स मीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं, ॲप अगदी अचूक नसतं पण एकच फोन वापरून आधी-नंतर तुलना करायला पुरतं, तेव्हा ठरावीक बाकांवरचे आकडे आत्ताच लिहून ठेवा.

आणि हवा. जुन्या चर्चच्या खिडक्या उघडतात, खाली झडपा असतात, वरती वारा जायला फट असते. आपण तिथे बंद काच बसवली की मे महिन्यात लग्नाच्या मिस्साला आत भट्टी होते. किती खिडक्या उघड्या राहायलाच हव्यात ते या टप्प्यावर ठरवा, कलाकाराला नंतर सांगितलंत तर त्याचं अख्खं डिझाईन मोडतं. साधा उपाय म्हणजे खालचा एक भाग बिजागरीवर उघडणारा ठेवायचा आणि डिझाईन त्या जोडाला धरूनच करायचं.

जे आहे त्याची नोंद, आणि ते फेकू नका

सध्याच्या प्रत्येक खिडकीचा आतून, बाहेरून फोटो काढा. चौकट कशाची आहे, सागवान की दगड, दगड कुठला: काळा बसॉल्ट, पिवळसर मालाड स्टोन की पोरबंदरचा मऊ दगड. जुनी तावदानं साधी लाल-निळी-पिवळी असली तरी त्यांना कमी लेखू नका, त्या काचेत जे बुडबुडे आणि लाटा दिसतात तशी काच आज सहज मिळत नाही. काढायचीच असतील तर नंबर टाकून, लाकडी खोक्यात उभी ठेवा, आडवी रचू नका, आणि खोकं ओल नसलेल्या जागी. जुन्या खिडकीत आधीच चित्रांची स्टेन्ड ग्लास असेल तर ती हलवून नवी लावायचा विचारच सोडा, दुसरी रिकामी खिडकी शोधा. पॅरिसच्या नोत्र दामलासुद्धा १९व्या शतकातल्या खिडक्या काढून आजच्या चित्रकार क्लेअर ताबुरे यांच्या नव्या खिडक्या बसवायच्या निर्णयावर फ्रान्समध्ये केवढा वाद झाला. आपल्या पॅरिशमध्ये तो वाद अजून कडवट होतो कारण जुनी खिडकी कोणाच्या तरी आजोबांच्या नावाची असते.

परवानग्या

दोन दारं ठोठवायची आहेत, दोन्हीकडे डिझाईन ठरायच्या आधी जा.

पहिलं आर्चडायोसिसचं. आपल्या फादरांमार्फत बिशप हाऊसला लिहायचं. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन १२१६, सांगतं की चर्च बांधताना किंवा दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला आणि उपासनेचे, पवित्र कलेचे नियम पाळायचे. म्हणजे आर्किटेक्ट, कलाकार आणि लिटर्जी, म्हणजे उपासनेची रीत, जाणणारा माणूस पहिल्यापासून सोबत हवा. मोठा खर्च असेल तर पॅरिशच्या फायनान्स कौन्सिलचा लेखी ठराव लागेलच. आणि कमिटीत कोणी म्हणालं की मॉडर्न डिझाईन आपल्या धर्माला शोभत नाही, तर त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६३चा उपासनेवरचा दस्तऐवज दाखवा, त्याच्या १२३व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की चर्चने कुठलीही एक शैली आपली म्हणून धरलेली नाही आणि आपल्या काळातल्या, सगळ्या देशांतल्या कलेला जागा आहे, फक्त ती आदराने आलेली असावी.

दुसरं दार महापालिकेचं. मुंबईत १९९५पासून हेरिटेज नियम आहेत, इमारती ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशा लावलेल्या आहेत. तुमचं चर्च यादीत आहे का, किंवा हेरिटेज प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे जपायच्या अख्ख्या परिसरात, येतं का, हे पालिकेच्या यादीत बघा. गावठाणातली बरीच मंडळी समजतात की फक्त इमारतीचंच बघायचं, प्रिसिंक्ट विसरतात. यादीत असेल तर मुंबई हेरिटेज कॉन्झर्व्हेशन कमिटीकडे कागद जातील, आणि ग्रेड एकच्या इमारतीत आत-बाहेर बदल करायला जवळजवळ वावच नाही. संवर्धनाचा अनुभव असलेला आर्किटेक्ट इथेच लागतो, त्याची फी वाचवू नका.

विषय आणि कलाकार

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आधी सगळी कमिटी मिळून खिडक्या बघून या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, १८५८चं, विल्यम वेल्स यांच्या खिडक्या आहेत. काळा घोड्याच्या केनेसेथ इलियाहू सिनेगॉगमध्ये, १८८४चं, रंगीत काचांचा उजेड आतल्या भिंतींवर कसा येतो ते बघा. परवानगी मिळाली तर विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलमधली बारा राशींची गोल खिडकी बघा. एकच दिवस काढून हे सगळं होतं, आणि चित्र काय आहे त्याकडे कमी, उजेड कसा आहे त्याकडे जास्त लक्ष द्या.

मग जुन्या चर्चमधली मॉडर्न काच, जी आपला खरा विषय आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ट्यूडली नावाच्या खेड्यात एक छोटंसं जुनं पॅरिश चर्च आहे. १९६३मध्ये समुद्रात बोट बुडून गेलेल्या एका तरुण मुलीच्या आईवडलांनी तिच्या आठवणीसाठी प्रसिद्ध चित्रकार मार्क शागालकडून एक खिडकी करून घेतली. १९६७मध्ये ती बसली, शागालला जागा इतकी आवडली की १९८५पर्यंत तिथल्या बाराही खिडक्या त्याच्याच झाल्या. निळ्या रंगात बुडालेली मुलगी आणि वर क्रूसावरचा येशू. आपल्या पॅरिशसाठी यातून घेण्यासारखं हे की एका खिडकीपासून सुरुवात केली, ती जगून बघितली, मग पुढचं. सगळ्या खिडक्या एकदम ऑर्डर करायच्या नसतात.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या कॉन्कच्या मठाचं. फ्रेंच चित्रकार पिएर सूलाजने १९८७ ते १९९४ या काळात तिथल्या १०४ खिडक्या केल्या, आणि एकातही रंग नाही! नुसती दुधाळ, उजेड पसरवणारी काच आणि वळणदार काळ्या रेषा. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण आपल्याकडे हे नवीन नाहीच. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतात ती आठवा, बाहेर कितीही कडक ऊन असो, आत मऊ पांढरा उजेड. मुंबईच्या उन्हात बाकांलगतच्या खिडक्यांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात योग्य वाटतो, जवळजवळ पांढरी काच, थोडा रंग आणि चांगल्या रेषा. गडद रंग एक-दोन मोठ्या खिडक्यांसाठी राखून ठेवा.

विषय काढताना पेट्रन संतापासून सुरुवात करा, मग खिडकीची जागा बघा. बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी पाण्याचा विषय, दारावर स्वागताचा किंवा पाठवणीचा. आणि आपलं गाव त्यात येऊ द्या. ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे ख्रिस्ती) पॅरिश असेल तर ऑक्टोबरातला कापणीचा सण आगेरा, भाताच्या लोंब्या. कोळीवाड्यातलं चर्च असेल तर होडी, जाळं, आणि मासा तर पहिल्या ख्रिस्ती लोकांपासूनची खूण आहे. एकाच पॅरिशमध्ये कोळी, ईस्ट इंडियन, गोंयकार, मंगळुरी, मल्याळी सगळे असतात, तेव्हा प्रत्येकाचं एकेक चिन्ह कोंबायचा मोह होतो, तो टाळा. शेत, समुद्र, भाकर, पाणी हे सगळ्यांचंच आहे.

कलाकार शोधताना त्याचं इन्स्टाग्राम पुरत नाही, त्याची कमीत कमी पाच वर्षं आणि पाच पावसाळे काढलेली खिडकी जाऊन बघा. डिझाईन करणारा आणि काच बनवणारा वेगळे असले तरी चालतं, शागालसुद्धा रँसच्या कारागिरांबरोबर काम करायचा, पण दोघं एकत्र बसतात का ते विचारा. दोन-तीन कलाकारांकडून पैसे देऊन स्केचेस मागवा, फुकट मागू नका.

काच कुठली

बाजारात ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणून बरंच काय काय विकलं जातं. साध्या काचेवर रंगीत फिल्म, डिजिटल प्रिंट, किंवा बाटलीतला ग्लास कलर. दुकानाच्या पार्टिशनला ठीक असेल, चर्चच्या खिडकीला नाही, आपल्या उन्हात आणि दमट हवेत ते उडतं, सुटतं, पिवळं पडतं.

खऱ्या रंगीत काचेत रंग काचेच्या अंगातच असतो, वितळतानाच धातू मिसळलेले असतात. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा-निळसर, सोन्याने गुलाबी, सेलेनियम-कॅडमियमने लाल-केशरी. म्हणूनच लाल आणि गुलाबी काच महाग असते, बजेट करताना हे लक्षात ठेवा. हाताने फुंकलेली काच सगळ्यात जिवंत दिसते पण ती बाहेरून मागवावी लागते, मशीनने लाटलेली स्वस्त आणि एकसारखी. दोन्ही मिसळून काम छान होतं, डोळ्याच्या उंचीवर चांगली, वर लांब साधी.

चेहरे, सावल्या, अक्षरं यासाठी काचेवर जो रंग लावतात तो काचेची पूड आणि धातूच्या ऑक्साईडचा असतो आणि भट्टीत साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून काचेशी एकजीव करतात. पिवळ्यासाठी चांदीचं मिश्रण लावून भाजतात, हे १४व्या शतकापासून चालत आलंय. तपासायचं सोपं आहे: नमुन्याचा तुकडा नाण्याने घासा, ॲसिटोनने पुसा. भाजलेला रंग निघत नाही.

जोडणीत मुख्य पर्याय तीन. शिशाच्या पट्ट्यांत काच बसवून सांधे झाळायचे, ही जुनी पद्धत आणि जुन्या चर्चला माझ्या मते सगळ्यात चांगली, कारण शिसं थोडं वाकतं, शेजारी लोकल धावत असेल किंवा बिल्डरचं पायलिंग चालू असेल तरी सहन करतं, आणि शंभरेक वर्षांनी पट्ट्या बदलून तीच काच परत वापरता येते. दुसरी पद्धत म्हणजे मोठ्या साध्या काचेवरच रंग भाजून घ्यायचा, शिशाशिवाय, ॲबस्ट्रॅक्ट डिझाईनला शोभते. तिसरी, साधारण २५ मिमी जाड काचेचे ठोकळे सिमेंटमध्ये किंवा इपॉक्सीत. दिसायला जबरदस्त, पण काचेचं वजन दर चौरस मीटरला प्रत्येक मिमीमागे अडीच किलो, म्हणजे नुसत्या काचेचेच साठ किलोच्या वर झाले. जुन्या सागवानी चौकटीत ते घालायचं नाही. तांब्याच्या पट्टीवाली पद्धत लॅम्पशेडला ठेवा.

आणि रंगांचं एक: निळा उजेड पसरतो, शेजारच्या रंगावर चढतो, आणि पातळ काळी रेषा लांबून गायब होते. कागदावरचं डिझाईन म्हणूनच फसवतं.

खिडकीतच नमुना लावा

करारात लिहून घ्या की खऱ्या काचेचा, खऱ्या पद्धतीने केलेला एक तुकडा, साधारण दोन बाय दोन फुटांचा, त्याच खिडकीत महिनाभर टांगला जाईल. त्या महिन्यात सगळ्या मिस्सांना लोकांना बघू द्या, शेवटच्या बाकावरच्या आंटीला विचारा पुस्तक वाचता येतं का. बदल सांगायची वेळ हीच. यानंतर पूर्ण मापाचं ड्रॉइंग होतं आणि काच कापायला लागली की बदल म्हणजे पैसे.

माप, चौकट, बसवणं

प्रत्येक खिडकी वेगळी मोजा. जुन्या कामात दोन कमानी सारख्या नसतात, प्लायवूडचा साचा करून चौकटीत घालून बघा. आधी चौकट दुरुस्त: वाळवी, कुजलेलं लाकूड, फुटलेला दगड. दगडाला सिमेंट लावू देऊ नका, सिमेंट ओल आणि क्षार आत अडकवतं आणि पोरबंदरी दगड पापुद्रे काढत जातो, चुन्याचंच काम करा. सिलिकॉनचे डाग दगडावरून निघत नाहीत, लाकडी चौकटीत जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) बरी.

शिशाचं पॅनल एक चौरस मीटरच्या आत ठेवा, मोठी खिडकी असेल तर पॅनल एकावर एक. दर ३० ते ४५ सेंटीमीटरला आडवा गज, आणि गज पितळेचा, ब्राँझचा किंवा चांगल्या स्टेनलेसचा. लोखंड समुद्राच्या हवेत गंजतं, गंजून फुगतं आणि दगड फोडतं, जुन्या इमारतींमध्ये हेच बघायला मिळतं.

बाहेरून संरक्षणाची काच हवीच: वर्षाला पाऊस दोन मीटरच्या वर, नैऋत्येचा वारा, कबुतरं, आणि कंपाउंडमधलं क्रिकेट. लॅमिनेटेड काच घ्या, पॉलिकार्बोनेट काही वर्षांत पिवळं पडतं. मुख्य गोष्ट ही की दोन काचांच्या मधली फट वर-खाली हवेला उघडी पाहिजे, नाहीतर आत उष्णता कोंडते आणि वाफ धरते, आणि खाली पाणी निघायला भोक पाहिजे. एसी असेल तर दमट दिवसांत थंड काचेवर बाहेरून पाणी धरतं, तेव्हा हे भोक अजूनच महत्त्वाचं. त्या उघड्या जागांना बारीक जाळी.

बसवायचं काम नोव्हेंबर ते मार्च या काळात ठेवा, परांची बांधायची आधी चर्चच्या कॅलेंडरशी जुळवून. शिशाचं काम चालू असताना तिथे खाणं-पिणं नाही, लहान मुलं नाहीत, हात धुतल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, झाडताना ओलं फडकं वापरायचं.

पैसे

कोटेशनमध्ये काच, जोडणी, चौकट, बाहेरची काच, परांची, वाहतूक, जीएसटी हे वेगळं-वेगळं मागा. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. देणगीदारांच्या नावाचा नियम पैसे जमवायच्या आधी ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा, माझी शिफारस काचेत नाव नकोच, खाली भिंतीवर सगळ्यांची एकसारखी छोटी पाटी, दहा रुपये देणाऱ्यांचा उल्लेख धरून.

नंतरची काळजी

आतली भाजलेली बाजू घासायची नाही. मऊ ब्रशने धूळ, बस. अमोनियावाला काचेचा स्प्रे नाही, साबण नाही, कितीही उत्साही स्वयंसेवक असला तरी नाही. मेणबत्त्यांचं स्टँड खिडकीखालून हलवा, काजळी धरते. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की खिडकी बाजूने, तिरकी नजर टाकून बघा: पॅनल पोटातून फुगलंय का, काच खुळखुळते का, सांध्याला चीर आहे का, भोकं बुजलीत का. एकच फोटो दर वर्षी त्याच जागेवरून काढा. कलाकाराकडून वापरलेल्या प्रत्येक काचेचा एकेक जादा तुकडा, रंगाचं नाव आणि कुठून आणली ते लिहून, पूर्ण मापाच्या ड्रॉइंगसकट मागून घ्या आणि एका पेटीत घालून सॅक्रिस्टीत (मिस्साचे कपडे-भांडी ठेवायच्या खोलीत) ठेवा. पेटीवर खिडकीचा नंबर लिहा आणि तिची नोंद पॅरिशच्या मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये करा, म्हणजे फादर बदलले तरी ती रद्दीत जाणार नाही.